खाडीच्या तेलातलं रॉकेल

"फौजदारबाई कुठे बसतात हो?"

मी प्रयोगशाळेबाहेरच्या बेसिनवर हात धूत होते. समोरच्या आरशात पाहिलं, तर मागे एक उंच, सावळा माणूस उभा. दोन्ही हातांनी बाटल्यांचा क्रेट छातीशी धरलेला.

"काय काम आहे त्यांच्याकडे?" मी मान न वळवता विचारलं.

"खाडीकडचे नमुने द्यायचेत. पण गेटवरचे म्हणाले, आधी घाबरून घ्या, मग आत जा. म्हटलं, कुणी सोबतीला मिळतंय का बघावं…"

"मग? झालं घाबरून?"

"बरंचसं झालंय. खरंच एवढ्या खडूस आहेत का त्या?"

मी नळ बंद केला, हात पुसले, कमरेची किल्ली काढून दार उघडलं आणि आत जाऊन माझ्या खुर्चीत बसले. तो उंबऱ्यातच थांबला. क्रेटमधल्या बाटल्या किणकिणल्या.

"उरलेलं घाबरून घ्या," मी म्हटलं. "मग नमुने ठेवा."

आणि तो हसला. मला पहिला संशय आला तो तिथेच. असा तोंडघशी पडलेला माणूस चाचरतो, माफी मागतो, नाहीतर उगाच घड्याळ बघतो. हा हसला, आणि छान हसला. ते छान आहे हे माझ्या लक्षात आलं, याचाच मला जास्त राग आला.

फौजदार हे नाव मला आमच्या मॅडमनी दिलं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. मी कुणाचं काहीही एका ऐकण्यात खरं मानत नाही, म्हणून. आई तर म्हणते, पाळण्यात असतानाही मी एक डोळा उघडा ठेवून झोपायचे, झोका नीट चाललाय ना हे बघायला. पण माझ्या कामाला असाच स्वभाव लागतो, त्याला मी काय करू?

आमच्याकडे तीन ठिकाणचं कच्चं तेल येतं. एक डोंगराकडचं, एक माळावरचं आणि एक खाडीकाठचं. तिन्ही एकाच पाइपलाइनमधून येतात आणि वाटेत अशी मिसळतात, की डोळ्यांना दिसतं ते नुसतं काळं. मग त्यात कुणाचं किती? जो तो म्हणणार, माझंच जास्त. म्हणून दर आठवड्याला तिघांच्या टाक्यांमधला निव्वळ नमुना मागवायचा, मिश्रणाशी ताडून बघायचा आणि प्रत्येकाचा वाटा ठरवायचा, हे माझं काम.

त्यासाठी माझ्याकडे एक यंत्र आहे. त्याच्या पोटात केसासारखी बारीक, लांबच लांब नळी गुंडाळून ठेवलेली असते. ती तापवायची आणि तेलाचा थेंब तिच्यातून सोडायचा. शाळा सुटली की चपळ पोरं आधी बाहेर पडतात आणि जड दप्तरवाली मागून रेंगाळत येतात, तसे तेलातले हलके घटक आधी निघतात, जड मागून. जो निघेल त्याचा कागदावर एक सुळका उमटतो. असे शेकडो सुळके, आणि दोन ठिकाणच्या तेलांचे कधी हुबेहूब जुळत नाहीत. डोंगराच्या तेलाचे सुळके उंच आणि दाटीवाटीने उभे. माळाचे मध्येच ठेंगणे. खाडीचं तेल मात्र जुनं आणि जड. त्याला सुळके जवळजवळ नाहीतच, नुसता एक फुगवटा, पालथ्या टोपलीसारखा. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखावा, तसं मी या कागदावरून तेल ओळखते.

आणि माझ्या आधी या खुर्चीत ज्या बाई बसायच्या, त्यांनाही ते ओळखता यायचं. पण माळावरचा एक गोडबोल्या दर आठवड्याला नमुन्यासोबत त्यांना फुलं आणून द्यायचा. होता होता बाईंच्या हातून माळाचा वाटा जरा सढळच निघू लागला. ते उघडकीला आलं, बाईंची नोकरी गेली. गोडबोल्या अजूनही गोडच बोलतो म्हणे, दुसऱ्या कुणाशी तरी. मी रुजू झाले त्या दिवशी मॅडमनी मला एकच सूचना दिली होती, बाटली घ्यायची, फुलं नाही.

म्हणून मी त्या हसणाऱ्या माणसाकडून फक्त बाटल्या घेतल्या. दर वेळी दोन येतात. मोठी तपासायला आणि छोटी माझ्या सहीनिशी सील करून कपाटात ठेवायला, पुढेमागे वाद झाला तर असावी म्हणून. मी मोठीचं झाकण फिरवलं, तर ते करकरलं. आट्यांमध्ये खाडीच्या रस्त्यावरची वाळू गच्च बसलेली, आणि माझ्या बोटांना काळा चिकटा लागलेला.

"ही काय बाटली आहे? वाळू आत गेली तर माझं यंत्र गुदमरेल. पुढच्या वेळी बाटल्या स्वच्छ हव्यात."

"किती स्वच्छ?"

"माझ्या हाताला काही लागता कामा नये इतक्या."

त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं…

"नाही लागणार," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात बाटल्या आल्या त्या लखलखीत. झाकण लोण्यासारखं फिरलं. आट्यांमध्ये वाळूचा कण नाही, काचेवर बोटाचा डाग नाही. दुसरी कुणी खूश झाली असती. माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकी आदबशीर बाटली कुणी उगाच देत नाही.

तो खाडीच्या टाकीवर काम करायचा. टाकीची पातळी मोजायची, व्हॉल्व्ह सांभाळायचे आणि नमुने भरायचे. सगळे त्याला टाकीवाला म्हणत, म्हणून मीही. नमुने भरायचं काम त्याच्याकडे नुकतंच आलं होतं, आधीचे गृहस्थ निवृत्त झाले म्हणून. खरं तर नमुने पोचवायला गाडी आणि ड्रायव्हर होता. तरी हा स्वतः यायचा. ड्रायव्हरला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर तो म्हणाला की टाकीवाले पुढची सीट आठवडाभर आधी धरून ठेवतात. मी ते मनात नोंदवलं.

बरं, यायचा आणि बाटल्या ठेवून जायचा, असंही नाही. नमुन्याची पोच मिळेपर्यंत यंत्राजवळ उभा राहायचा. ही नळी किती लांब, हा सुळका कशाचा, ही टोपली आमचीच का… मी थोडक्यात उत्तरं द्यायचे. मग जरा लांब द्यायला लागले. मग एकदा लक्षात आलं, की मी शाळा सुटल्याचं उदाहरण देते आहे, हातवारे करून, आणि तो यंत्राकडे बघतच नाहीये.

"माणसाचा असा कागद काढता येतो का?" त्याने विचारलं.

"येईल. पण आधी त्याला भट्टीत घालून तापवावं लागेल."

"घाला की. तापायचं राहिलंय कुठे…"

मी पोच फाडून त्याच्या हातात दिली. कान गरम झाले होते; ते यंत्रामुळे, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःचंही मी एका ऐकण्यात खरं मानत नाही.

त्याच दिवशी जाता जाता त्याने आणखी एक विचारलं. टाकीत कुणी भलतंच काही मिसळलं, तर तुम्हाला कळतं का? मी म्हटलं, चमचाभर मिसळलं तरी कळतं. तो मान डोलावून म्हणाला, "म्हणजे तुमच्यापासून काही लपत नाही." आणि मग सांगितलं, की खाडीचं तेल आटत चाललंय, वाटा अजून घसरला तर टाकी बंद करून सगळ्यांना घरी बसवतील अशी कुजबुज आहे. हे त्याने हसत सांगितलं नाही.

घरी आले आणि आईला म्हटलं, "एक माणूस आहे. संशयास्पद आहे."

आई कपडे शिवते. ती मशीनवर वाकलेलीच होती. "दिसायला कसा आहे?" तिने विचारलं.

"आई, मी काय सांगते आहे?"

"तेच तर विचारते. संशय तुला सगळ्यांचाच येतो. घरी येऊन सांगितलंस ते याच्याबद्दल पहिल्यांदा."

मी तिला सगळं पटवून दिलं. तो मधाचं बोट लावतोय, उद्या वाट्याबद्दल एखादा शब्द टाकेल, माझ्या आधीच्या बाईंचं काय झालं ते तुला माहीत आहे. आईने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "एकदा उसवून बघ, दोनदा बघ. पण शिवण पक्की निघाली तर तिसऱ्यांदा कात्री लावायची नाही. कापड फाटतं."

पुढच्या भेटीला पाऊस होता. खाडीकडून येणारा, तिरपा, छपराखालीही गाठणारा. ड्रायव्हरची गाडी दुरुस्तीला गेलेली, म्हणून टाकीवाला बसने परत जाणार होता आणि माझीही सुटायची वेळ झाली होती. आम्ही स्टॉपच्या पत्र्याखाली उभे राहिलो, मध्ये दोन माणसं मावतील एवढं अंतर ठेवून. पाऊस वाढला तसं ते अंतर एका माणसाचं झालं. पुढे पुढे तर… असो. तो सांगत होता, की टाकीच्या माथ्यावरून पाऊस येताना आधी समुद्रावर दिसतो, एक करडा पडदा सरकत येतो, आणि तो पोचायच्या आत खाली उतरायची त्याची रोजची शर्यत असते. मी म्हटलं, "कोण जिंकतं?" तो म्हणाला, "माझे कपडे बघा ना."

बस आली ती डबक्याच्या पलीकडे थांबली. त्याने आधी उडी मारली आणि हात पुढे केला. मी तो हात धरला. एवढ्याशा डबक्याला खरं तर हाताची गरज नव्हती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तो हात मी बसच्या पायरीवर पोचेपर्यंत सोडला नाही.

घरी दारातच आई म्हणाली, "रॉकेलचा वास कसला येतोय?"

मी तळवा नाकाशी नेला. खरंच, रॉकेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाडीचा नमुना यंत्रात सोडला आणि चहा घेऊन कागद सरकताना बघत बसले. पालथी टोपली उमटायला अजून वेळ होता. पण त्याआधीच, जिथे खाडीच्या तेलाला काहीच नसतं त्या मोकळ्या जागेत, एकामागून एक सुळके उभे राहायला लागले. सरळ, नेमक्या अंतरावर, कुंपणाच्या काठ्यांसारखे. असं कुंपण खाडीच्या जमिनीतून येत नाही. ते मला डोळे मिटूनही ओळखता आलं असतं.

ते रॉकेल होतं. माझ्या तळव्याला काल ज्याचा वास होता, तेच.

मी जुने कागद काढले. कुंपण तिथेही होतं. बारीक, ठेंगणं, पण होतं. त्या लखलखीत बाटल्या यायला लागल्या त्या आठवड्यापासून. आणि त्याच आठवड्यापासून खाडीचा वाटा हळूहळू वर चढत होता, कारण नमुन्यातच रॉकेलसारखा हलका माल दिसला की मिश्रणातला हलका मालही हिशेबात खाडीच्या नावावर पडतो. मला ते दिसलं नव्हतं. झोक्यातही एक डोळा उघडा ठेवणारी मी, आणि इतके आठवडे कागदाऐवजी कुणाकडे बघत होते?

मला रडू आलं. मग राग आला. राग बरा, त्याने निदान काम होतं.

पण एकदा उसवून बघावं म्हणून पुढच्या भेटीत मी त्याला विचारलं, "तुमच्या टाकीत काय काय जातं हो?"

"तेल."

"आणखी?"

"आणखी काय जाणार?"

"माझ्यापासून काही लपवताय का?"

तो गडबडला. पहिल्यांदाच. नजर क्रेटकडे गेली, मग खिडकीकडे, मग हसून म्हणाला, "लपवतोय थोडंसं. पण ते सांगायला जरा धीर गोळा करायचाय… पुढच्या आठवड्यात सांगतो."

मी पुढच्या आठवड्याची वाट पाहिली नाही. तो गेल्यावर कागद मॅडमपुढे ठेवले. खाडीच्या नमुन्यात रॉकेल आहे, भेसळीचा संशय आहे, असं लिहून खाली सही केली. मॅडमनी चष्मा काढून कागद पाहिले, मग मला पाहिलं. "तुझी खात्री आहे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी खाडीच्या टाकीवर निरोप धाडला, की या माणसाने नमुन्यांना हात लावायचा नाही, चौकशी होईल. आरोप खरा ठरला तर त्याला कामावरून काढणार, आणि खाडीची टाकीही बहुधा त्यासोबतच जाणार, हे मला न सांगताच कळलं होतं.

पुढचे नमुने ड्रायव्हरने आणले. बाटल्यांवर धूळ, आट्यांमध्ये वाळू, बोटांना चिकटा. मी यंत्र लावलं. निव्वळ टोपली उमटली. कुंपणाची एक काठीसुद्धा नाही.

म्हणजे माणूस गेला आणि रॉकेलही गेलं. चोर सापडला. मॅडम म्हणाल्या, शाब्बास. मी त्या दिवशी डबा न खाता परत नेला.

"शिवण कच्ची निघाली," मी आईला सांगितलं. आईने मला जवळ घेतलं. नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि त्यानेच माझा बांध फुटला. मला तो आवडला होता. मला तो फार आवडला होता, आणि तो माझ्यासाठी येत नव्हता, सहीसाठी येत होता.

चौकशीचा दिवस ठरला. आणि माझं डोकं मला स्वस्थ बसू देईना. हा कसला लबाड, असं वाटायचं, ज्याने आधीच विचारून घेतलं होतं की मिसळलेलं कळतं का, आणि कळतं म्हटल्यावरही मिसळत राहिला? वर हाताला वास तसाच ठेवून आला? जिला सगळ्या जगाचा संशय येतो, तिने स्वतःच्या पुराव्यालाच तेवढं का सोडावं?

मी कपाट उघडलं. सील केलेल्या छोट्या बाटल्या तिथे रांगेने उभ्या होत्या. त्या सहसा कुणी उघडत नाही. मी मॅडमची परवानगी घेतली आणि त्यांच्यासमोरच सील तोडलं.

रॉकेल छोट्या बाटलीतही होतं. पण मोठीच्या जवळजवळ तिप्पट.

मी पुढची छोटी बाटली उघडली. तिच्यातही तसंच. मी खुर्चीत बसले. पातेल्यात साखर घातली, तर मोठा पेला घ्या नाहीतर छोटा, चहा सारखाच गोड लागतो. छोट्या पेल्यातला चहा जास्त गोड लागला, तर साखर पातेल्यात नव्हती. ती पेल्यातच होती.

"रॉकेल टाकीत नाहीये, मॅडम," मी म्हटलं. "बाटलीत आहे. तेल भरायच्या आधीपासून."

"मग बाटलीत कुणी आणि कशाला घातलं?"

ते कागद सांगत नाही. मी पर्स उचलली आणि नमुन्यांच्या परतीच्या गाडीत, त्या पुढच्या सीटवर जाऊन बसले.

खाडीच्या टाकीवर मी आधी कधी गेलेच नव्हते. रस्ता वाळूचाच होता, गाडीच्या मागे पिवळा धुरळा उडत होता, आणि मागच्या उघड्या क्रेटमधल्या आमच्या स्वच्छ धुतलेल्या रिकाम्या बाटल्या पोचेपर्यंत भुरक्या झाल्या होत्या. टाकीवाल्याला नमुन्यांवरून काढून जिन्याचे कठडे रंगवायला लावलं होतं. मला बघून त्याने ब्रश डब्यात ठेवला. तो हसला नाही. मला त्या हसण्याची इतकी सवय झाली होती, हे तेव्हाच कळलं.

"तुम्ही बाटल्या कशाने धूत होतात?" मी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"रॉकेलने."

"रॉकेलने?"

"आमच्याकडे सगळं त्यानेच धुतात. पाने-पकडी, व्हॉल्व्ह, हात. दुसऱ्या कशाने हा चिकटा निघत नाही." त्याने शेडकडे बोट दाखवलं. तिथे पत्र्याच्या डब्यात रॉकेल होतं. बाजूला फळीवर स्वच्छ फडकं अंथरलेलं आणि एक दात घासायचा जुना ब्रश. "त्याने आटे घासायचो. मग आतून दोनदा खळबळून पालथ्या घालायचो. का? काही चुकलं?"

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला बाटल्या धुवायला?"

"तुम्ही."

"मी?"

"हाताला काही लागता कामा नये, म्हणालात." तो आता जमिनीकडे बघत होता. "तुमची बोटं काळी झाली होती पहिल्या दिवशी. मला बरं नाही वाटलं ते. म्हणून दर वेळी जरा जास्तच धूत गेलो…"

मी तशीच उभी राहिले. ज्या कुंपणाने त्याची नोकरी जाणार होती, त्याची एकेक काठी त्याने माझ्या बोटांसाठी घासून घासून उभी केली होती. नमुन्याची बाटली ज्या तेलाचा नमुना घ्यायचा त्याच तेलाने विसळायची असते, दुसऱ्या कशानेही नाही. हे माझ्या कामात इतकं साधं आहे, की नव्या माणसाला सांगायचं असतं हेच मी विसरले होते.

मी त्याला सगळं सांगितलं. कुंपण, वाटा, भेसळीचा संशय, माझी सही. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला, आणि मग अचानक, मला कळेना का, तो सुटल्यासारखा झाला.

"म्हणजे भेसळीबद्दल चौकशी आहे?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला एवढंच सांगितलं होतं, की प्रयोगशाळेची तक्रार आहे, तिकडे जायचं नाही. मला वाटलं, मी उगाच येऊन उभा राहतो, बोलत बसतो, त्याची तुम्ही तक्रार केलीत. म्हणून मी काही बोललोच नाही. तुम्हाला त्रास होत असेल, तर शिक्षा बरोबर आहे असं वाटलं."

वारा सुटला होता. ताज्या रंगाचा, समुद्राचा आणि रॉकेलचा वास एकात एक मिसळून येत होता, आणि मला तीनही वेगळे ओळखू येत होते.

"त्या दिवशी तुम्ही काय लपवत होतात?" मी विचारलं. "धीर गोळा करायचाय म्हणालात."

"ते आता कशाला…"

"चौकशी चालू आहे. खरं सांगा."

"मी नमुन्यासाठी येत नव्हतो," तो म्हणाला. "नमुने ड्रायव्हरही आणतो. मी तुमच्यासाठी यायचो. तुम्ही आवडता मला. पहिल्या दिवशी दार उघडून त्या खुर्चीत बसलात ना, तेव्हापासून."

माझ्या स्वभावाने सवयीप्रमाणे मान वर काढली. याला पुरावा काय, म्हणाला. आणि मला हसू आलं, कारण पुरावा माझ्याच कपाटात होता, सीलबंद, माझ्याच सहीचा.

"माहीत आहे," मी म्हटलं. "दोन्ही बाटल्या तपासल्यात मी."

चौकशीच्या दिवशी मी माझा अहवाल मागे घेतला. समितीपुढे मोठी बाटली, छोटी बाटली आणि दोन्हींचे कागद ठेवले. मग टाकीतलं तेल त्याच तेलाने विसळलेल्या बाटलीत सगळ्यांसमोर भरून घेतलं होतं, त्याचाही कागद ठेवला. निव्वळ टोपली. भेसळ नाही, चूक बाटली धुण्याच्या पद्धतीतली, आणि ती पद्धत नव्या माणसाला न सांगण्याची चूक माझी. खाडीचा वाटा उतरून पूर्वी होता तिथे आला. त्याहून खाली गेला नाही, त्यामुळे टाकी चालू राहिली. बोलताना माझा आवाज एकदाच कापला, तो मॅडमनी प्रश्न विचारला तेव्हा.

"इतकी का धुतली त्याने बाटली? कारण लिहावं लागेल."

"प्रयोगशाळेच्या सोयीसाठी," मी म्हटलं.

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या टाकीवाल्याकडे. "प्रयोगशाळेच्या," त्या म्हणाल्या, आणि तेवढंच लिहिलं.

पुढच्या आठवड्यात तो स्वतः आला. बाटल्यांवर धूळ होती, तोंडाशी काळे ओघळ होते. माझ्यापुढे ठेवताना त्याने फडकं पुढे केलं, बोटं पुसायला. मी ते घेतलं नाही. झाकण उघड्या हाताने फिरवलं, करकर करत, आणि चिकटा लागू दिला.

"आता तरी विश्वास बसला का?" त्याने विचारलं.

"नाही. दर आठवड्याला तपासावं लागेल."

"किती दिवस?"

"माझ्या कामात तपास संपत नसतो," मी म्हटलं. "तू येत राहा."

त्याला 'तू' ऐकू आलं. तो इतका हसला, की त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला, आणि मग ते तेलाचे हात विसरून त्याने माझा हात धरला. मीही विसरले. पोच लिहायची राहून गेली.

संध्याकाळी आईने मशीनवरून मान वर केली आणि तिची नजर थेट माझ्या बाहीवर गेली. बाहीवर चार बोटांचा काळा डाग होता.

"नवा शिवलेला ड्रेस," ती म्हणाली. "आण इकडे. थोडं रॉकेल लावलं की निघेल."

"नको," मी म्हटलं. "रॉकेल नको. राहू दे तसाच."

आईने डागाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग सुई पिनकुशनला टोचून मशीन बंद केलं, ऐन कामाच्या गर्दीत.

"घरी घेऊन ये त्याला एकदा," ती म्हणाली. "माझंही बघून होऊ दे. आणि त्याला सांग, हात धुऊन येऊ नकोस."